ब्रेनगन, एलएमजी आणि नाईक यशवंत घाडगे : फिरत्या मजकुराला उत्तर

१० जुलै जवळ आला की माणगाव-महाडपासून खेड-चिपळूणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. वर नाईक यशवंत घाडगे यांचा फोटो, खाली ब्रेनगनचं चित्र आणि मजकूर साधारण असा : 'इंग्रजांनी शोधलेली ब्रेनगन इतकी अचूक होती की सगळ्या गोळ्या एकाच भोकातून जायच्या, म्हणून ती मशीनगन म्हणून नापास ठरली. गोळ्या पसराव्यात म्हणून जवान मुद्दाम झिजलेल्या नळ्या लावायचे. एकटा जवान एलएमजीने तासभर सलग गोळीबार करून अख्खी कंपनी रोखायचा. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हीच एलएमजी आहे. आपल्या कोकणच्या यशवंत घाडगेंनी हीच एलएमजी कमरेला लावून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आता ड्रोनच्या जमान्यात ती मोडीत निघाली.'

पाठवणाऱ्यांच्या मनात अभिमान आहे, आणि तो माझ्याही मनात आहे. म्हणूनच हे लिहितो आहे. पिढ्यान् पिढ्या पलटणीत माणसं धाडलेली घरं आपल्याकडे आहेत. त्या घरांतल्या पोरांपर्यंत हत्याराबद्दल आणि माणसाबद्दल खरं तेच पोचायला हवं.

'इंग्रजांनी शोधलेली' इथपासूनच चूक आहे. ब्रेन ही एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, मूळची चेकोस्लोव्हाकियाची. ब्रनो शहरातल्या कारखान्यात व्हाक्लाव होलेक या अभियंत्याने बनवलेली झेडबी २६ ही तिची मूळ बंदूक. पहिल्या महायुद्धातली जड लुईसगन बदलायची म्हणून ब्रिटिशांनी १९३० च्या दशकात चाचण्या घेतल्या, त्यात ही झेक बंदूक सरस ठरली. मग ब्रिटिशांच्या ३०३ काडतुसाला जुळेल असे बदल करून एनफिल्डच्या कारखान्यात ती बनू लागली. ३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वळते, म्हणून ब्रेनचं मॅगझीन केळ्यासारखं वाकडं. भरताना प्रत्येक काडतुसाची कड आधीच्या काडतुसाच्या कडेपुढे आली पाहिजे. एक जरी मागे राहिली तरी बंदूक ऐन वेळी अडकणार. मॅगझीन तीसचं, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून बहुतेक वेळा अठ्ठावीसच भरत.

आणखी एक गोष्ट मजकुरात नाही, पण आपल्या पलटणींच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. हिंदुस्थानी सैन्याने १९३३ मध्ये ब्रेन नव्हे, व्हिकर्स-बर्टिए ही हलकी मशीनगन स्वीकारली होती आणि ती बंगालात इशापूरच्या कारखान्यात बनत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला आपल्या कित्येक पलटणींकडे तीच होती, ब्रेन मागून आली. दोन्हींचं वाकडं मॅगझीन वरच्या बाजूला. जुन्या फोटोत बंदूक दिसली की लगेच 'ब्रेन' लिहू नका.

आता 'एकाच भोकातून गोळ्या' हा मुख्य दावा. हा फक्त आपल्याकडचा नाही, जगभर सांगितला जातो, आणि त्यात सत्याचा कण आहे. ब्रेन आपल्या जातीतल्या इतर बंदुकांच्या मानाने खरंच नेमकी होती. वजन दहा किलोच्या आसपास, पुढे दोन पायांचा बायपॉड, आणि वेग मिनिटाला साधारण ५०० गोळ्या, म्हणजे मशीनगनच्या मानाने सावकाश. त्यामुळे ती हातात फारशी उसळत नसे. पण घोडा दाबला की आतला जड बोल्ट पुढे आदळतो, बायपॉडचे पाय मातीत हलतात, खांदा मागे रेटला जातो, आणि हे सेकंदाला आठ वेळा होतं. एकाच भोकातून गोळ्या जाणं यात शक्यच नाही. गोळ्यांचा पुंजका लहान पडायचा, एवढंच खरं.

हा लहान पुंजका दोष ठरवला गेला, कारण मशीनगन म्हणजे पाग, मासे धरायचं फेकायचं जाळं, जितका पसरेल तितका चांगला, अशी समजूत आहे. ती समजूत दुसऱ्याच बंदुकीवरून आली. तिपाईवर बसवलेली, पाण्याने थंड राहणारी व्हिकर्स ही मध्यम मशीनगन दोन हजार यार्डांपलीकडच्या रस्त्यावर, नाल्यावर, घाटाच्या तोंडावर मारा करायची. तिथे माणूस दिसतही नाही. जमिनीचा एक पट्टा शत्रूला वापरता येऊ नये, एवढाच हेतू असतो. अशा वेळी गोळ्या थोड्या पसरलेल्या बऱ्या.

एलएमजीचं काम वेगळं. ती सेक्शनची बंदूक आहे. दहा माणसांच्या सेक्शनमध्ये ब्रेनगट एका बाजूला आडवा पडतो, रायफलवाले दुसऱ्या बाजूने पुढे सरकतात. ब्रेनने शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी जवळ पोचायचं, मग त्यांनी मारा करायचा आणि ब्रेन पुढे आणायची. म्हणजे ब्रेनच्या गोळ्या आपल्याच माणसांच्या अंगावरून, कुशीजवळून जातात. चार-पाच गोळ्यांचा एक बर्स्ट, पुन्हा नेम, पुन्हा बर्स्ट. इथे गोळ्या पसरणारी बंदूक कुणाला हवी असेल? पुढे रांगणाऱ्या सोबत्याच्या पाठीत गोळी घालणारी नळी कुठला नंबर वन, म्हणजे ब्रेन चालवणारा, मुद्दाम लावेल? मला वाटतं, दाव्याचा सगळा फोलपणा या एका प्रश्नात उघडा पडतो.

झिजलेल्या नळीचं आणखी एक आहे. नळी झिजली की गोळीला आतली पकड मिळत नाही, वेग घटतो, गोळी कुठेही भरकटते. ती काही ठरवल्यासारखी नीट पसरत नाही. शिवाय ब्रेनची पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवरच बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक नळीचा नेम त्या त्या नळीसह जुळवावा लागतो. जवान जवळ जादा नळी बाळगत हे अगदी खरं, पण ती नव्या-जुन्याचा मेळ घालायला नव्हे, तापलेली बदलायला. जलद मारा चालू असेल तर दहाएक मॅगझिनं झाली की नळी बदलायची, अशी शिकवण होती. खटका उचलायचा, नळीवरची मूठ फिरवायची, तापलेली नळी पुढे ओढून काढायची, दुसरी बसवायची. मूठ लाकडी, म्हणून हात पोळत नाही. सरावलेल्या नंबर टूला, म्हणजे नंबर वनच्या मदतनीसाला, काही सेकंद पुरत. मॅगझीन वर असल्याचा फायदाही त्यालाच. नंबर वनने डोळा नेमावरून न काढता, खांदा न हलवता मॅगझीन बदलून होई. वर मॅगझीन आडवं येतं म्हणून नेमाच्या माशा डावीकडे सरकवलेल्या, त्यामुळे ब्रेन उजव्या खांद्यावरूनच चालवायची.

नापास बंदूक इतकी टिकत नाही. पुढे ७.६२ मिलिमीटरचं काडतूस आलं तेव्हा ब्रिटिशांनी तीच बंदूक नव्या काडतुसाला जुळवून घेतली आणि १९९१ च्या आखाती युद्धातही ती त्यांच्याकडे होती. आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तिचीच ७.६२ ची आवृत्ती '१ बी' नावाने बनली. निवृत्त जवान 'एलएमजी' म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

'तासभर सलग गोळीबार' हे फक्त हिशोबाने तपासा. मिनिटाला ५०० म्हणजे तासाला ३०,००० गोळ्या. अठ्ठावीसची हजारावर मॅगझिनं. एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे नुसती काडतुसंच साडेसातशे किलो. अठ्ठावीस गोळ्यांचं मॅगझीन सलग दाबलं तर साडेतीन सेकंदांत रिकामं होतं. म्हणूनच सेक्शनमधला प्रत्येक रायफलवाला आपल्या पट्ट्याच्या खिशांत ब्रेनची मॅगझिनं वाहायचा. १९३७ च्या नमुन्याचे ते खिसे ब्रेनचं मॅगझीन मावेल अशाच मापाचे बनवलेले होते. एकट्याची बंदूक ती कधीच नव्हती. दहाही जणांच्या पाठीवर तिचं ओझं असे.

बिल्ल्याबद्दल थोडक्यात. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली आणि १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं. बिल्ल्यावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन बंदुका त्या कामाच्या, म्हणजे व्हिकर्स मध्यम मशीनगन. तिपाई, अडीचशे काडतुसांचा पट्टा, नळीभोवती पाण्याचं वेष्टण. एलएमजी नव्हे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, आणि दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. त्या पट्ट्यात तरी हा बिल्ला अचूक ओळखला जावा असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ज्या महारांची भरती बंद केली, त्यांच्या वाट्याला पुढे पायदळातलं सर्वांत तांत्रिक हत्यार आलं, ही मोठी गोष्ट आहे. तिला चुकीचं नाव देऊन ती लहान होते.

'ड्रोनच्या जमान्यात मोडीत' हे तर कागदावरच खोटं ठरतं. मार्च २०२० मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने इस्रायली कंपनीशी १६,४७९ नेगेव्ह एनजी-७ हलक्या मशीनगनचा करार केला. पट्ट्याने चालणाऱ्या, ७.६२ च्या. मधल्या काळात आलेली इन्सास एलएमजी ५.५६ ची होती. लष्कर पुन्हा जड गोळीकडे वळलं, ते दूरवर आणि आडोशामागे मार पोचावा म्हणून. ड्रोन आकाशातून पाहतं, बॉम्ब टाकतं. पण सेक्शनला शंभर मीटर पुढे सरकायचं असेल तर समोरच्याचं डोकं खाली ठेवणारं हत्यार जमिनीवरच लागतं.

आता यशवंत घाडगे. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं. त्यांच्या हाताखालचं रायफल सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडलं आणि सेक्शन कमांडर सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. मशीनगन होती ती समोर, शत्रूच्या हातात. घाडगे सेक्शन कमांडर होते, म्हणून त्यांच्याकडे टॉमीगन ही छोटी स्वयंचलित बंदूक होती, एलएमजी नव्हे. सोबत यायला कुणी उरलं नाही हे ठाऊक असताना ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्याच मोर्चात शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्यांचा अंत झाला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

कमरेला एलएमजी लावल्याची कथा यापुढे फिकी आहे आणि त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांच्या हातात समोरच्याइतकं हत्यार नव्हतं. एक मशीनगन काही क्षणांत अख्खं सेक्शन कसं आडवं करते हे त्यांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते गेले. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यातली 'कमरेला एलएमजी लावून' ही ओळ काढा आणि तिथे लिहा : 'सेक्शनमधलं कुणी उरलं नसताना, टॉमीगन आणि ग्रेनेड घेऊन, शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चालून गेले.' माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्याचा फोटो जोडलात तर ब्रेनगनचं चित्र लागणार नाही.