परदेशातून : नियम क्रमांक सात

गेल्या आठवड्यात ठाण्याहून एक पीडीएफ आली. वागळे इस्टेटजवळ, आम्ही राहायचो त्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. शाळेतला माझा एक वर्गमित्र आता त्याच्या कार्यकारी मंडळावर आहे. त्यांनी नवी नियमावली करायला घेतली आहे आणि मसुदा सभेपुढे मांडण्याआधी चार-पाच जुन्या ओळखीच्यांना वाचायला पाठवलाय. सोबत त्याने लिहिलं होतं, ‘तू तिकडची एवढी मोठी लायब्ररी रोज बघतेस. काय वाटतं ते सांग. पण आमच्या खिशाकडे बघून सांग.’

मसुदा दोन पानांचाच आहे. अनामत पाचशेवरून हजार रुपये. आधार कार्डाची प्रत आणि दोन जुन्या सभासदांची शिफारस. पुस्तक उशिरा आणलं तर दिवसाला दोन रुपये दंड. बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांसोबतच यायचं. अभ्यासिका फक्त सभासदांसाठी. आणि नियम क्रमांक सात : ‘पुस्तक हरवल्यास, फाटल्यास किंवा भिजल्यास दुप्पट किंमत वसूल करून सभासदत्व रद्द करण्यात येईल.’

‘भिजल्यास’ या शब्दापाशी मी थांबले ती बराच वेळ पुढे सरकले नाही.

२६ जुलै २००५. मी नववीत होते. किसन नगरमधल्या आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढं पाणी भरलं. कपाटाच्या खालच्या खणात वाचनालयाची दोन पुस्तकं होती. (हे वाचनालय वेगळं, आता बंद पडलेलं.) पाणी ओसरल्यावर घरातलं धान्य, गाद्या, माझी दहावीसाठी जमवलेली गाइडं, सगळ्याचा चिखल झाला होता, पण आईने आधी हात घातला तो त्या दोन पुस्तकांना. ‘दुसऱ्याची आहेत ती,’ एवढंच म्हणाली. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून तिने ती पंख्याखाली ठेवली. मग एकेका पानावरून कोमट इस्त्री फिरवली. पुस्तकं फुगून मिटेनात, तेव्हा त्यांच्यावर पाटा ठेवला. आठ दिवसांनी ती आम्ही परत नेली. वाचता येत होती, फक्त कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि ओल्या मातीचा वास जात नव्हता. काउंटरवरच्या गृहस्थांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. शंभर रुपये अनामत जप्त, वर दुप्पट किमतीतले उरलेले पैसे बाकी. बाबांचा कारखाना त्या महिन्यात बंदच होता. आईने काही वाद घातला नाही. पिशवीची घडी केली आणि आम्ही घरी आलो. त्यानंतर कॉलेजात जाईपर्यंत मी कुठल्याही वाचनालयाची पायरी चढले नाही.

त्या गृहस्थांचा मला आज राग नाही. त्यांच्या हातात नियम होता आणि नियमात पुराची सोय नव्हती. म्हणूनच नियम लिहिणाऱ्यांशी मला बोलायचं आहे.

मी टोरांटोत राहते त्याला अकरा वर्षं झाली. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शहरभर शंभर शाखा आहेत आणि त्यातली एक आमच्या घरापासून बसच्या दोन थांब्यांवर. पत्त्याचा कागद दाखवला की कार्ड मिळतं. अनामत नाही, वर्गणी नाही, कुणाची शिफारस नाही. मार्च २०२२ पासून उशिराचा दंडही नाही. माझ्या मुलीच्या दप्तरात पाण्याची बाटली गळून एक चित्रांचं पुस्तक लगदा झालं, तेव्हा मी ते घेऊन काउंटरवर गेले. छाती धडधडत होती, हे खरं सांगते. बाईंनी किंमत सांगितली, मी भरली, विषय संपला. दुप्पट नाही, रद्द नाही. आम्ही निघालो तेव्हा मुलीच्या हातात नवीन तीन पुस्तकं होती. किंमत इथेही भरावी लागते, हे मुद्दाम लिहिते, कारण ‘तिकडे सगळं फुकट’ असा समज आपल्याकडे फार आहे.

मित्राला मी दंडाबद्दल पहिल्यांदा विचारलं. त्याचं म्हणणं, ‘दंड नसेल तर पुस्तक परत कोण आणणार?’ भीती रास्त आहे. पण घडलेलं काय ते पाहू. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड बंद केला आणि जुन्या थकबाक्या पुसून टाकल्या. पुढच्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या २४० टक्क्यांनी वाढली. लोक पुस्तकं ढापून बसले नव्हते, दंडाच्या धास्तीने तोंड चुकवत होते. त्याच शहरातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. गरीब वस्तीच्या दक्षिण भागात तीनपैकी एका कार्डधारकाला थकलेल्या दंडापायी पुस्तक मिळत नव्हतं, उत्तर भागात हेच प्रमाण सहापैकी एक होतं. दंड सगळ्यांना सारखाच असतो, पण तो भरताना कुणाच्या घरात भाजी कमी येते ते सारखं नसतं. आईला माहीत होतं.

आता त्याच्या खिशाकडे बघते. त्यांचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. २०२२ साली राज्य सरकारने अनुदानात साठ टक्के वाढ केली तेव्हा ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेलं. म्हणजे त्या हिशेबाने महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं. ठाण्यात चार हजारांत गाळ्याचं भाडंही निघत नाही. तरी संध्याकाळी पाच वाजले की कुणीतरी कुलूप उघडतं, खुर्च्या पुसतं, पेपर स्टँडला लावतं. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसांना परदेशात बसून शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण या पैशांच्या चणचणीवर अनामत वाढवणं हा इलाज कसा, ते मला कळत नाही. अनामत हे उत्पन्न नव्हेच. ते वाचनालयावरचं देणं आहे, सभासदाने मागितलं की परत करायचं. ताळेबंदात ते देण्याच्याच बाजूला बसतं. हजार रुपयांची अनामत ठेवून वाचनालय श्रीमंत होत नाही, फक्त ज्याच्याकडे हजार रुपये अडकवून ठेवायला नाहीत तो माणूस दाराबाहेर राहतो. आणि तोच तर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचा वाचक. बाकीचे पुस्तकं घरपोच मागवतात.

पैशाचं खरं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते फार जुनं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यात ग्रंथालय परिषद आहे, संचालनालय आहे, मान्यता आणि अनुदानाची व्यवस्था आहे. ग्रंथालय उपकर, म्हणजे खास ग्रंथालयांसाठी वसूल केलेला छोटा कर, नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात उपकर होता, कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात आहे, केरळमध्ये आहे. ठाण्यातल्या आमच्या घराचं मालमत्ता कराचं बिल बाबा अजून फाइलला लावतात. त्यावर वृक्ष कर आहे, शिक्षण कर आहे. ग्रंथालयाचा रकाना नाही. टोरांटोत ग्रंथालयाचा बहुतेक खर्च शहराच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः माझ्यासारख्यांच्या मालमत्ता करातून होतो. म्हणूनच ओंटारियोच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, कायद्याला लिहिता येतं की ग्रंथालयात येण्याचे आणि तिथे बसून पुस्तक वापरण्याचे पैसे मंडळाने घ्यायचे नाहीत. आधी पैशाची सोय, मग ‘मोफत’ हा शब्द. आपल्याकडे नुसता शब्द आणून चालणार नाही, हे मित्राचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण ही कल्पना इथली गोऱ्यांची, असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदा संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली. कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयाचा कायदा १९४५ साली केला, मद्रासच्याही आधी. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली. पहिलंच सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. दोन जुन्या सभासदांची शिफारस आणायला लावणारा नियम या चौथ्या सूत्रावर घासून बघावा. भिवंडीहून गेल्या महिन्यात राहायला आलेल्या मुलीने वागळे इस्टेटमध्ये दोन जुने सभासद कुठून शोधायचे? शाळेच्या बाईंची एक चिठ्ठी का पुरू नये?

अभ्यासिकेवर मात्र आमचं चांगलंच वाजलं. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून जागा अडवतात, एकही पुस्तक नेत नाहीत, स्वतःची गाइडं घेऊन येतात, पंखा आणि वीज वाचनालयाची, अशी मंडळाची तक्रार. जेष्ठ सभासदांना पेपर वाचायला खुर्ची मिळत नाही, ही तक्रार तर अगदी खरी. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही आणि शिलाई मशीन असताना अभ्यास कसा होतो ते मी भोगलं आहे. परीक्षेच्या दिवसांत मी जिन्यात बसायचे, वरच्या मजल्यावरचं कुणी आलं की उठून वाट द्यायची. इथे आमच्या शाखेतही दुपारी तीननंतर टेबलं अभ्यास करणाऱ्यांनीच भरलेली असतात. ‘हे वाचक नव्हेत’ असं इथे कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. उपाय खुर्च्यांचा करावा : सकाळी आठ ते अकरा एक टेबल पेपरवाल्यांसाठी राखीव, बाकी अभ्यासाला. वर्षाला पन्नास रुपये अभ्यासिकेची फी घ्या, मुलं आनंदाने देतील. पण ‘सभासद नसाल तर बाहेर’ ही पाटी लावू नका.

एक मात्र इथलं तिकडे नेऊ नये असं वाटतं. इथे वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं पुस्तक कपाटातून काढून टाकतात. जागा मोजकी, मागणी बदलती, म्हणून शहराला ते परवडतं. आपल्याला परवडणार नाही. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १ जून १८९३ ला सुरू केलं, आणि नावातच ‘संग्रहालय’ ठेवलं. मराठीत छापलेलं पुस्तक कुठेतरी टिकलं पाहिजे, मग ते दहा वर्षांत एकानेही मागितलं नसेल तरी चालेल, असं मानणाऱ्या माणसांमुळे आज आपल्याकडे जुनी मराठी पुस्तकं उरली. माझ्या जवळच्या शाखेत मराठीचं एक कपाटसुद्धा नाही. मुलीला मराठी गोष्टीचं पुस्तक द्यायचं तर ते कुणाच्या तरी बॅगेतून यावं लागतं, आणि येणारी प्रत्येक बॅग आधीच चिवडा-लोणच्याने भरलेली असते. तेव्हा नियमावलीत पुस्तकं बाद करण्याचं कलम लिहिताना मित्राने जपून लिहावं. जीर्ण झालेलं बाद करा, पण न वाचलेलं म्हणून रद्दीत घालू नका. आधी मोठ्या संग्रहालयाला विचारा, त्यांच्याकडे ती प्रत आहे का.

आणखी एक. आपल्या वाचनालयातला माणूस वाचकाला ओळखतो. आईने नाव न सांगता ‘मागच्या वेळी होतं तसलं द्या’ म्हटलं की तिला हवं ते मिळायचं. इथे यंत्रावर पुस्तक ठेवायचं, पावती घ्यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि कित्येक महिने सगळी यंत्रणा बंद होती. परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात, सुमारे दहा लाख पुस्तकं ट्रेलरमध्ये भरून ठेवली होती. शाखा मात्र उघड्या राहिल्या. कर्मचारी कागदावर हाताने कार्ड नंबर लिहून पुस्तकं देत होते. त्या हिवाळ्यात रांगेत उभी असताना मला आपल्या देवघेवीच्या वहीची, तिच्या रेघा मारलेल्या रकान्यांची आठवण आली. मसुद्यात ‘सर्व नोंदी संगणकावर’ असं आहे. करा जरूर, पण वही टाकून देऊ नका.

मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही, या नियमाबद्दल फार लिहीत नाही. ज्या घरांत आई-बाप दोघं रात्री आठला येतात तिथल्या मुलांसाठी तो नियम म्हणजे सरळ बंदी आहे. काढून टाका.

मित्राचा फोन परवा आला. म्हणाला, ‘अनामत पाचशेवर ठेवायला मंडळ तयार होईल कदाचित. मुलांची शून्य करू. दंडाला वरची मर्यादा घालू, वीस रुपये. पण सात नंबर सोडायला जुने लोक तयार नाहीत. पुस्तकं फार खराब होतात गं.’ होतात, मला माहीत आहे. मी म्हटलं, काढू नका, नीट लिहा. आणि रात्री बसून तो नियम पुन्हा लिहून पाठवला :

‘पुस्तक हरवल्यास त्याची छापील किंमत किंवा तेच पुस्तक द्यावे. पुस्तक खराब झाल्यास सभासदाने ते आणून दाखवावे. ते वाचण्याजोगे असल्यास कोणतीही रक्कम घेऊ नये. पूर, आग किंवा घरातील आपत्तीत खराब झालेल्या पुस्तकाची किंमत माफ करण्याचा अधिकार ग्रंथपालास राहील, त्यासाठी सभेची परवानगी लागणार नाही. कोणत्याही कारणाने अठरा वर्षांखालील वाचकाचे सभासदत्व रद्द होणार नाही.’

सभा येत्या रविवारी संध्याकाळी पाचला आहे. इथे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. मित्राने मोबाइल टेबलावर ठेवायचं कबूल केलं आहे. आईही जाणार आहे, सभासद नाही तरी.