फोटोतली पोरगी हसतीये म्हणून

सकाळपासून डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट मोठी होणार, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढं जा, राग नाही.

एका पेजवर (नाव घेत नाही, तुमच्यातले निम्मे तिथं असणारच) आज एक जुना फोटो आलाय. ब्लॅक अँड व्हाइट. उघडं माळरान, खडीचे ढीग, आणि पंधरा-वीस बाया उकिडव्या बसून दगड फोडतायत. डोक्यावर पदर, हातात हातोडी. पुढच्या रांगेतली एक तरुण पोरगी कॅमेऱ्याकडं बघून हसतीये. वर कॅप्शन काय, तर 'ना जिम, ना डाएट, ना मोबाईल! १९७२ चा महाराष्ट्र. येतील का परत असे दिवस?' खाली बदामांचा नि जोडलेल्या हातांचा पाऊस.

अरे, बाहत्तर लिहिलंय ना स्वतःच्याच हातानं? खडी फोडणाऱ्या बाया आणि बाहत्तर, एवढं एकत्र बघून काहीच आठवत नाही? तुमच्या घरात कुणी त्या दुष्काळाचं, मिलोचं, म्हणजे रेशनवरच्या त्या लाल ज्वारीचं नाव काढलं नाही कधी? सुकडीचं, कामावर वाटायच्या त्या कोरड्या खाऊचं?

कॉमेंट वाचत गेले, वाचायला नको होत्या. 'काय काटक बायका होत्या.' 'आत्ताच्या पोरींना दोन जिने चढवत नाहीत.' 'पैसा कमी होता पण समाधान बघा चेहऱ्यावर.' एकानं लिहिलंय, 'सगळ्या कशा स्लिम!' स्लिम. हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला गेले, मग परत येऊन वाचलं, मग अजून चिडले.

माझी आई त्या दुष्काळात खडी फोडत होती. बीड जिल्हा, आष्टी तालुका, गावापासून दीड कोसावर रस्त्याचं काम निघालं होतं तिथं. वय चौदा. मस्टरवर नाव लावताना आजीनं अठरा सांगितलं आणि कारकुनानं मान वर न करता अठरा लिहिलं. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलंय, हातोडी बसली त्यानंतर ते नीट आलंच नाही. लहानपणी आम्हा बहिणींना वाटायचं आईचं नख म्हणजे असंच असतं, सगळ्यांच्या आईचं. आजही लसूण सोलताना ते सालीत अडकतं, मग ती नुसता हात झटकते आणि पुढची पाकळी घेते.

तर ही तुमची जिम.

आणि स्लिमचं म्हणाल तर सांगते. दोन वर्षं पावसानं ओढ दिलेली, बाहत्तरला तर पेरलेलं उगवलंच नाही. घरातली ज्वारी संपली, मग रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लाल. आई म्हणते त्याची भाकरी थापायला घेतली की हातातच मोडायची, तव्यावर तुकडे टाकायचे आणि तुकडेच खायचे. कामावर सुकडी वाटायचे, ती अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधून धाकट्या भावांसाठी घरी न्यायची. न्यायची आणि वाटेत अजून थोडी खायची, हेही तिनंच सांगितलंय, आणि सांगताना साठ-सत्तर वर्षांच्या बाईचं तोंड असं झालं होतं की जणू मी आजीला जाऊन चुगली करणार आहे.

मी तिथं कॉमेंट टाकली. शांतपणे टाकली हो, शपथ. लिहिलं की हा दुष्काळी कामावरचा फोटो आहे, माझी आई अशाच कामावर होती, कॅप्शन बदला. पहिलं उत्तर, 'ताई, प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह कशाला?' दुसरं, 'राजकारण नको.' तिसरे एक काका, 'आमचे आईवडील पण कष्ट करूनच वर आले, फुकट कुणाचं खाल्लं नाही, आता सरकार बसवून खाऊ घालतंय म्हणून लोक ऐदी झालेत.'

काका, अहो ते कामच सरकारनं काढलं होतं! ७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती या राज्यात. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहातला एक माणूस, तान्ही पोरं आणि म्हातारे धरून दहातला एक, कुठं ना कुठं दगड फोडत नाहीतर पाझर तलावाची माती वाहत होता. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला दिल्लीनं तोच धागा धरून देशाचा कायदा केला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, ज्यावरून आपण ऑफिसात कुरकुर करतो, तो व्यवसाय कर १९७५ ला लावला तोच मुळी या रोजगार हमीसाठी. म्हणजे फोटोतल्या बायांना बदाम द्यायचे आणि त्यांच्या नाती आज त्याच कामावर गेल्या की त्यांना ऐदी म्हणायचं. छान आहे.

हे सगळं लिहिलं नाही मी तिथं. लिहायच्या आधीच कॉमेंट उडवली आणि मला ब्लॉक केलं. असो.

ब्लॉक व्हायच्या आधी अजून एक बघितलं. कुणीतरी हौशी माणसानं तोच फोटो एआयमधून रंगवून कॉमेंटमध्ये टाकलेला आणि पेजवाल्यांनी 'खूप सुंदर!' म्हणून तो वर पिन केलेला. सगळ्या बायांच्या अंगावर गुलाबी, पोपटी, चिंतामणी रंगाची लुगडी. गाल भरलेले. हातावरच्या शिरा गायब, अंगावरची धूळ गायब. माळरानावर हिरवळ उगवलीये, बाहत्तरच्या माळरानावर! एका बाईला तर सहा बोटं आलीयेत, पण त्याची कुणाला फिकीर नाही. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो दुपारी आईला दाखवला. तिनं चष्मा लावला, बघितला आणि म्हणाली, 'आगं, ह्या तर लग्नाला निघाल्यात.'

मी जोरात हसले. मग जरा रडले. असो.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे, नाहीतर माझीच मैत्रीण इथं येऊन सांगेल. मीही हेच केलंय. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पुण्यातल्या नदीकाठचा जुना फोटो टाकला होता, रस्त्यावर एक गाडी नाही, गर्दी नाही, मी लगेच लिहिलं, 'काय शांत होतं पुणं, आपण वाट लावली.' खाली एका आजोबांचं उत्तर आलं, 'ताई, हा १२ जुलै १९६१ नंतरचा आहे. पानशेत फुटलं त्यानंतरचा. आमचं घर ह्यातच गेलं.' बस, एवढंच. मी कॉमेंट डिलीट केली, त्यांना सॉरीसुद्धा म्हटलं नाही, लाजच एवढी वाटली. त्यामुळं बघणाऱ्याला फोटोतलं दिसत नाही हे मला मान्य आहे, आणि लोक वाईट मनानं लिहीत नाहीत हेही मान्य आहे. पण कुणी सांगितल्यावर तरी गप्प बसावं की नाही माणसानं?

मुंबईच्या फोटोंचं तर विचारूच नका. ओस पडलेला रस्ता दिसला की लगेच 'तेव्हाची मुंबई, किती मोकळी!' अहो, १८९६ ला प्लेग आला तेव्हा लाखो लोक मुंबई सोडून पळाले होते, त्या दिवसांतला फोटो असेल तर रस्ता मोकळाच दिसणार की! आणि त्याच्याही तीस-चाळीस वर्षं आधीचा असेल तर कॅमेऱ्याला इतका वेळ लागायचा की चालतं माणूस काचेवर उमटायचंच नाही, भर बाजारातला रस्तासुद्धा रिकामा यायचा. आपण मात्र बसलोय उसासे टाकत.

मूळ मुद्द्यावर येते, नाहीतर परत मुंबईतच अडकेन. ती हसणारी पोरगी.

सगळा खेळ तिच्यावर चाललाय. 'बघा कशी हसतीये', 'हे हसू आता कुठं', 'गरिबीतलं सुख.' माझ्या डोक्यातूनही ते जात नव्हतं, कारण ती खरंच हसतीये, अगदी दात दिसेस्तोवर, आणि मला तिथं काही उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून रंगवलेला बाजूला ठेवून मी आईला साधा फोटो दाखवला (तोही स्क्रीनशॉटच, त्यावर पेजचं नाव आडवं छापलेलं) आणि विचारलं की ही हसत का असेल गं.

आई म्हणाली, 'साहेब फोटो काढायला आला ना, की मुकादम म्हणायचा थांबा, हातोड्या खाली ठिवा. तेवढंच बसाय मिळायचं. मग हसू यायचंच की.'

म्हणजे त्यांच्याकडंही आला होता? म्हणे हो, एकदा आला होता जीपमधून, टोपी घालून. आई तेव्हा त्या अंगठ्याला चिंधी बांधून बसलेली, फोटोत दिसू नये म्हणून हात पाठीमागं घेतला होता. तिच्या शेजारी तिची आक्का. दोघी हसत होत्या आणि आक्का ओठ न हलवता म्हणाली होती, 'ह्याला म्हणावं रोज ये.' हे सांगताना आई इतकी हसायला लागली की चष्मा काढावा लागला. मला हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. नखाचं माहीत होतं, मिलोचं, सुकडीचं, सगळं पाठ होतं, जीपवाल्या साहेबाचं कधी निघालंच नाही.

मग तिनं फोन माझ्याकडून घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करत एकेक तोंड बघत राहिली, मागच्या रांगेपर्यंत. मी म्हटलं आई, हे आपल्याकडचं नसेल गं, कुठलं आहे काही लिहिलेलं नाहीये. तर म्हणे, 'माहितीये. बघू दे की.'

आता तिला तो फोटो मावशीला पाठवायचाय. (मावशी म्हणजेच ती आक्का, गुडघे गेलेत पण व्हॉट्सॲपवर आमच्यापेक्षा ॲक्टिव्ह आहे.) स्क्रीनशॉटमध्ये ते पेजचं नाव नेमकं मागच्या रांगेच्या तोंडांवरून गेलंय, आणि मी तर ब्लॉक. तुमच्यापैकी कुणाकडे साधा, मोठ्या साइझमध्ये असेल तर इनबॉक्समध्ये टाका प्लीज. रंगवलेला नको.