सुरत, निलगिरी, वागशीर : त्या मेसेजमधलं खरं किती?

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये 'सुरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट (विनाशिकेहून थोडी लहान युद्धनौका) आणि 'वागशीर' ही पाणबुडी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते नौदलात दाखल झाल्या. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, शेवटचा मामांकडून. त्याचा मथितार्थ असा: ७० वर्षांत नौदलाला कुणी काही दिलं नाही, सगळं परदेशातून विकत आणायचो, मोदींनी दहा वर्षांत तीन बोटी भारतात बांधून दिल्या, आधी एकेका बोटीला दशकं लागायची, आता झटपट होतात.

माझे वडील माझगाव डॉक या मुंबईतल्या जहाजबांधणी यार्डात वेल्डर होते आणि या तिन्ही बोटी त्याच यार्डात बांधल्या गेल्या. मामांना फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, तेच इथे नीट लिहिते.

'७० वर्षांत कुणी काही दिलं नाही.'

'निलगिरी' हे नावच याचं उत्तर आहे. याच नावाची पहिली फ्रिगेट याच माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. तिचं जलावतरण ऑक्टोबर १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या उपस्थितीत झालं आणि १९७२ मध्ये ती नौदलात आली. आराखडा ब्रिटिश होता, पण त्या मालिकेतल्या सहाही बोटी मुंबईत बांधल्या. यार्ड सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतलं होतं आणि १९६४ मध्ये नौदलाने बोटींचे आराखडे काढायला स्वतःचं कार्यालय उभं केलं. मग १९८३ मध्ये 'गोदावरी', १९९७ मध्ये 'दिल्ली', २०१० मध्ये 'शिवालिक' आली. आजच्या निलगिरीचा आराखडा शिवालिकवरूनच पुढे नेलेला आहे. परदेशातून आपण पुष्कळ घेतलं हे खरंच आहे, अगदी सुरतची गॅस टर्बाइनंसुद्धा युक्रेनी बनावटीची आहेत. पण 'सगळं' म्हणणं म्हणजे तीन पिढ्यांच्या कामगारांचं आणि नौदलातल्या आरेखनकारांचं काम पुसून टाकणं आहे. मला याचा राग येतो तो याच कारणाने, कुठल्या पक्षासाठी नाही.

'तिन्ही बोटी याच सरकारने दिल्या.'

करारांच्या तारखा बघा. सुरत ज्या चार बोटींच्या मालिकेतली शेवटची, तिचा करार जानेवारी २०११ चा, म्हणजे मनमोहन सिंग सरकारचा. निलगिरीच्या मालिकेचा करार फेब्रुवारी २०१५ चा, तो मोदी सरकारचाच आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. वागशीर सहा पाणबुड्यांपैकी सहावी. तिचा करार ऑक्टोबर २००५ चा, आणि त्यामागची पाणबुडीबांधणीची तीस वर्षांची योजना १९९९ ची, वाजपेयी सरकारची.

पाणबुड्यांची गोष्ट मात्र इथे थांबून सांगायला हवी, कारण ती आमच्या घरातून गेलेली आहे. १९८१ मध्ये जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीत बांधायच्या आणि दोन मुंबईत. मुंबईची 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात गेली. मधल्या काळात दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्या बारगळल्या. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग साध्या बोटीसारखं नसतं. खोल समुद्रात पाण्याचा दाब चारी बाजूंनी येतो, म्हणून सांध्याचा एक्सरे काढतात आणि आत बारीकशी पोकळी दिसली तरी तेवढा भाग खरवडून पुन्हा भरतात. बाबा म्हणायचे, 'हे काम हात विसरतो.' शंकुलनंतर बारा वर्षं एकाही नव्या पाणबुडीला हात लागला नाही. २००६ च्या अखेरीस वागशीरच्या सहा पाणबुड्यांतली पहिली, 'कलवरी', हिचं काम सुरू झालं तेव्हा शिकलेले बरेच लोक निवृत्त झाले होते. नव्या पोरांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. कलवरी २०१२ मध्ये मिळायची होती, ती डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. हा खंड कुणाचा? दलालीचे आरोप झाले तेव्हापासून १९९९ ची योजना येईपर्यंत, राजीव गांधींपासून वाजपेयींपर्यंत, सात पंतप्रधान झाले. त्याचा हिशेब एकाच्या माथी मारता येत नाही, तसा वागशीरचा हारही एकाच्या गळ्यात घालता येत नाही.

'आधी दशकं लागायची, आता झटपट.'

यात अर्धं खरं आहे. 'कोलकाता' या विनाशिकेची कील (बोटीच्या तळाचा कणा) २००३ मध्ये बसली आणि ती ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली, अकरा वर्षांनी. (मंजुरी २००० ची, बांधणी बहुतेक मनमोहन सिंगांच्या काळातली, आणि दाखल करणारे मोदी, तेही सत्तेवर येऊन तीन महिने व्हायच्या आत. त्याही वेळी असेच मेसेज फिरले असते तर?) सुरतची कील नोव्हेंबर २०१९ ची. पाच वर्षं आणि दोन महिन्यांत ती दाखल झाली. वेग वाढला हे उघड आहे. पण सुरत तिच्या मालिकेतली चौथी बोट आहे आणि तिचा आराखडाही मुळात कोलकातावरूनच आलेला. पहिल्या बोटीवर ज्या चुका होतात, पाइप आणि केबल जिथे एकमेकांना आडव्या येतात, ते सगळं चौथीपर्यंत सुटलेलं असतं. शिवाय आता बोटीचे मोठे ठोकळे शेडमध्येच पाइप-केबलसकट तयार करून ३०० टनी गोलायथ क्रेनने जोडतात. यार्डाच्या या आधुनिकीकरणाचं काम २०१४ च्या आधी सुरू झालेलं होतं.

आता उलट बाजूचा मेसेज. माझ्या चुलतभावाने मामांना उत्तर म्हणून तो लगेच टाकला: 'यांनी फक्त फित कापली.'

हेही खोटं आहे. निलगिरीचा करार वर सांगितलाच. बाकीच्या दोघींसाठीही दहा वर्षं दरवर्षी पैसा पुरवावा लागला, अडलेली आयात सोडवावी लागली, कोविडमध्ये यार्ड चालू ठेवावं लागलं. करार करून पुढच्या सरकारने तो वाऱ्यावर सोडला असता तर बोट गंजत पडली असती. विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुडी एकाच दिवशी दाखल होणं हेही आपल्याकडे पहिल्यांदाच घडलं, आणि तो दिवस पाहताना आमच्या घरात सगळे उभे राहिले होते. बाबाही.

पण या सरकारला एक प्रश्न विचारायचाच असेल तर तो फितीचा नको, पुढच्या पाणबुड्यांचा विचारा. आणखी सहा पाणबुड्यांची चर्चा २०१४ च्याही आधीपासून चालू आहे आणि या सरकारनेही २०१४ मध्येच त्यांना तत्त्वतः मान्यता दिली. तरी वागशीर दाखल झाली त्या दिवशी त्यांचा करार झालेला नव्हता, आणि माझगाव डॉकमध्ये नौदलासाठी बांधणीतली नवी पाणबुडी एकही उरली नव्हती. टीव्हीवर समारंभ संपल्यावर बाबांनी पहिलं तेच विचारलं: 'मग आता पोरांना काम काय?'