मटणावर आळ, कारण भात

चैत्र-वैशाखात आमच्या कोरेगाव तालुक्यात आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. मला यात्रा जिवापाड आवडते, म्हणूनच हे लिहितोय.

गेल्या वर्षी आमच्याकडं पन्नासेक पाहुणे होते. रात्रीची पंगत झकास उठली. पातेलंभर भात उरला. चुलतीनं झाकण ठेवलं आणि पातेलं चुलीशेजारीच राहिलं. सकाळी त्याचा फोडणीचा भात केला, शेंगदाणे घालून, चांगला वाफाळता. अकराच्या आत नऊ जणांना उलट्या. दोन लहान पोरांना सलाईन लावावं लागलं.

सगळे म्हणाले, मटण खराब होतं. खाटकाला बोल लावून झाले. पण आमच्या माळकरी आण्णांनी जन्मात मटणाला हात लावलेला नाही आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झाले. सकाळी त्यांनी फक्त भात खाल्ला होता.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असतात. भात शिजला तरी त्यांचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली झोपलेली रूपं, मरत नाहीत. मोठ्या पातेल्याच्या पोटातला भात पहाटेपर्यंत कोमट राहतो, तिथं ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं, तिथं आपल्या फोडणीचा काय पाड? वासही येत नाही. अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

‘परत गरम केलं की सगळं मरतं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. हाताला पिकलेली जखम असलेल्या माणसानं पेढे वळले, तर स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विष तयार होऊ शकतं. तेही उकळून जात नाही. रश्श्याचं वेगळं. सावकाश निवणाऱ्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू वाढतो. खळखळून उकळला तर तो मरतो, पण सकाळच्या घाईत आपण रस्सा नुसता कोमट करून वाढतो. मग ६ ते २४ तासांनी पोटात कळा आणि जुलाब, आणि आळ भलत्याच जेवणावर.

चुलतीला मी एक शब्द बोललो नाही. तिनं ७२चा दुष्काळ पाहिलाय, अन्न टाकणं तिच्या जिवावर येतं. ते बरोबरच आहे. पण उरलेला भात परातीत पातळ पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. आपल्या उन्हाळ्यात तर एकच तास धरा. फ्रीजमध्ये जागा नसेल तर रात्रीच शेजारीपाजारी गरम गरम पोचवा.

आणि कुणाला उलट्या-जुलाब झालेच तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा. चमचा चहाचाच घ्या. पोर मलूल पडलं, लघवी होईना किंवा शौचातून रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.

यंदा आचारी मामांना सांगून ठेवलंय, भात एकदम न शिजवता दोन खेपांत. दुसरी खेप पाहुणे मोजून. चुलतीनं परवा स्वतःहून दोन मोठ्या पराती घासून ठेवल्यात.