चारशे ग्रॅमचा संसार

शाकाहार, त्यातही दूधतूप वर्ज्य केलेला शाकाहार, फार स्वस्त पडतो असे जे सांगतात, ते बहुधा स्वतः भाजी निवडत नाहीत. बेळगावात पैशाचा प्रश्न खरोखरच किरकोळ आहे. येथून रोज गाड्या भरभरून भाजी गोव्याला जाते आणि गोवेकर जी प्रवासखर्चासह विकत घेतात, ती आम्हाला ‘एष्ट री?’ एवढ्या कन्नडावर आणि उरलेल्या मराठी घासाघिशीवर गल्लीत मिळते. बदामाचे दूध महाग असते, हे मान्य. पण ते दुकानातल्या फळीवरच शोभते. सोयाबीनचे दूध घालून केलेला चहा फाटला, त्यानंतर आम्ही कोऱ्या चहाशी जमवून घेतले.

खरा छळ मांडला आहे तो जागतिक आरोग्य संघटनेने. प्रौढ माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे ती सांगते. त्यात बटाटा आणि रताळे धरायचे नाहीत, ही पुढची अट तर थेट आमच्या जिल्ह्यावरच रोखलेली दिसते, कारण उपवासाच्या दिवसांत मुंबई-पुण्याला रताळी पुरवणाऱ्या बेळगावकराला नेमके तेच कंद हिशेबात घेता येत नाहीत. घरात माणसे चार, म्हणजे एक किलो सहाशे ग्रॅम. फळांनी हा आकडा झटपट गाठता येतो, पण तेथे खिसा हलका होतो. म्हणून आम्ही मेथी, शेपू, चाकवत यांच्याकडे वळलो. ‘ज्याला पथ्य, त्याने निवडावे,’ असा निकाल सौभाग्यवतींनी दिल्यामुळे संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून मी जुड्या सोडतो. देठ, पिवळी पाने, मुळे आणि अधूनमधून एखादी जिवंत अळी बाजूला काढता काढता बातम्या संपतात, छोट्या जाहिरातीही वाचून होतात. पुढे तीन पाण्यांनी धुऊन, चिरून, ताटभर वाटणारा तो ढीग कढईत पडला की, पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्यामुळे, पाहता पाहता वाटीभर होतो. चिरंजीव ती वाटी पाहून ‘बाकीची कुठे आहे?’ असे विचारतात.

प्रथिनांचे वेळापत्रक आणखी कडक आहे. मटकी रात्रभर भिजवून नंतर फडक्यात बांधायची असल्याने गुरुवारच्या उसळीची इच्छा मंगळवारीच व्हावी लागते. ज्वारीत पिठाला चिकटपणा देणारे ग्लूटेन नसल्याने पीठ उकळत्या पाण्यात मळूनही माझ्या हाताखाली भाकरीला भेगा पडतात. सुदैवाने कडक भाकरी विकत मिळते आणि शेंगदाण्यात सुमारे चतुर्थांश प्रथिने असतात, त्यामुळे शेंगांच्या चटणीवर आमचे पुष्कळ निभावते. लग्नाच्या पंगतीत कुंदा वाढायला येणाऱ्यांना मात्र खवा, दूध आणि माझे कोलेस्टेरॉल यांचा परस्परसंबंध उभ्या उभ्या समजावणे अशक्य असते. तेथे मी पानावर आडवा हात धरतो आणि यजमान रुसतात.

इतके करून ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. या आहारातील एवढीच वस्तू निवडावी, धुवावी, भिजवावी लागत नाही, म्हणून मी ती मोठ्या आनंदाने आणली. सौभाग्यवतींनी चष्मा लावून वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली आणि कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेले, असल्याचे जाहीर केले. आता औषधेही निवडून घेण्याचे काम माझ्याकडेच आले आहे.