शाम्पूच्या बाटलीवरच्या रेघा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मागच्या लेखात मी शाम्पूची बाटली, दुधाचा खोका आणि सोया सॉसची झारी यांना सरसकट 'जपानी कारागिरी' म्हटलं, ते चूक. कारागिरी म्हणजे तलवार, लाखेचं काम, चहाचे पेले. साच्यातून धडाधड पडणाऱ्या बाटलीवर चार रेघा उमटवल्या, त्यात कसली आलीय कारागिरी? वर प्लास्टिकचा ढीग दिसत नाही का, हा टोमणा.

आधी पटलेलं. 'दुसऱ्याचा विचार जपानी माणसात उपजतच असतो' हे माझं वाक्य मागे घेतो. लिहिता लिहिता वाहवत गेलो. तुम्ही ज्या रेघांना हसलात त्या तर सरळ तक्रारींतून आल्या. शाम्पू आणि कंडिशनरच्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटलेले, आणि हात नेमका भलत्या बाटलीवर. काओ या जपानी कंपनीकडे हे गाऱ्हाणं अंध ग्राहकांकडून यायचं तसं डोळसांकडूनही. अंध माणसं एका बाटलीला रबर बँड लावून वेळ निभावून नेत. मग कंपनीची माणसं अंधशाळेत गेली, आणि १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला उंचवट्याच्या आडव्या रेघा आल्या. कंडिशनरची बाटली गुळगुळीतच ठेवली.

मला खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं आहे. ही खूण एकाच कंपनीच्या बाटलीवर राहिली असती, तर दुसरा शाम्पू आणला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून काओने हक्क अडवून न धरता ती इतर कंपन्यांना मोकळी करून दिली. आज तिथल्या दुकानात शाम्पूची कुठलीही बाटली उचला, बहुतेक रेघा लागतातच.

आम्ही जपानात योकोहामाला राहत होतो. आई तिथे आमच्याकडे आली, तेव्हा एका डोळ्यात मोतीबिंदू होता. नसता तरी काय, जपानी अक्षरापुढे तिचे दोन्ही डोळे सारखेच. मी बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या दोन दिवसांत भिजून गळून पडल्या. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून आवाज आला, "खरखरीत बाटली डोक्याची ना रे?" मी तिला रेघांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

दुधाच्या खोक्याचा धडा मात्र मी स्वतः शिकलो. तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दूध म्हणून आणलेला खोका चहात ओतला आणि चहा फाटला. प्यायचं दही होतं ते! साध्या दुधाच्या, अर्ध्या लिटरच्या आणि त्याहून मोठ्या खोक्यांच्या माथ्यावरच्या कडेला २००१ पासून एक अर्धगोल खाच असते, आणि खोका उघडायचा तो खाचेच्या विरुद्ध बाजूने. रस, दही, कमी स्निग्धांशाचं दूध, कशालाच ती नसते. सक्ती नसल्यामुळे सगळ्याच दुधांवर सापडेल असंही नाही. आमच्या घरी तेव्हापासून 'कुरतडलेला खोका आण' असंच म्हणतात.

आता साच्याबद्दल, कारण तिथे मी अजिबात माघार घेणार नाही. नागासाकी जिल्ह्यातलं हसामी हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. मोरी मासाहिरो या डिझायनरने तिथल्या हाकुसान तोकी या भांड्यांच्या कंपनीसाठी १९५८ साली सोया सॉसची एक झारी केली. ती आजही विकली जाते. कान नाही, मूठ नाही. वरच्या बाजूला कंबर निमुळती केलीय, तिथे दोन बोटं आपोआप बसतात. चोच अशी कापलीय की झारी सरळ केली की धार तुटते, थेंब पोटावरून ओघळत नाही. (आमच्या किटलीखाली कायम बशी ठेवावी लागते, म्हणून हे मला जरा जास्तच दिसतं.) हसामीत साचा करणारा वेगळा, कच्चं भांडं ओतणारा वेगळा आणि भट्टीवाला वेगळा. भाजल्यावर ही माती दहा टक्क्यांहून जास्त आकसते. साचेवाल्याला भांडं मोठं धरून उलटा हिशोब करावा लागतो, आणि चोचीची धार जराशी चुकली तर एक नाही, त्या साच्यातली सगळी भांडी ठिबकणार. चाकावर बसणाऱ्याचं एक भांडं बिघडलं तर तो माती पुन्हा मळतो. साचेवाल्याला ती सोय कुठे? याला कारागिरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

प्लास्टिकचं तुमचं बरोबर आहे. दरडोई प्लास्टिक वेष्टनाच्या कचऱ्यात अमेरिकेच्या खालोखाल जपान, हे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये सांगितलं होतं. बिस्किटाच्या पुड्यात प्रत्येक बिस्कीट वेगळं गुंडाळलेलं मी रोज पाहिलंय. मागच्या लेखात यावर एक ओळ हवी होती, राहून गेली.

'परदेशात राहणाऱ्यांचं कौतुक' हा तुमचा शेरा मात्र राहू द्या. आम्ही परत येऊन चार वर्षं झाली. आई सांगलीला असते. तिथल्या न्हाणीघरातल्या दोन्ही बाटल्या गुळगुळीत, म्हणून शाम्पूच्या बाटलीला तिने कोथिंबिरीच्या जुडीचा रबर चढवलाय. बाटली संपली की टाकून द्यायच्या आधी तो काढून ठेवते.