भिंत गिटारने पडली नाही

दर नोव्हेंबरात एक दावा नव्याने फिरू लागतो: बर्लिनची भिंत रॉक संगीताने पाडली. पुरावेही ठरलेले असतात. अमेरिकन अभिनेता-गायक डेव्हिड हॅसलहॉफ भिंतीवर गायला, स्कॉर्पिअन्स या पश्चिम जर्मन बँडचे ‘विंड ऑफ चेंज’ आले, त्याआधी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी आणि अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी पूर्व जर्मनीचे तरुण पेटवले. मग निष्कर्ष येतो की संगीताला भाषा लागत नाही, बँड रणगाड्यापेक्षा स्वस्त पडतो, तेव्हा सरकारांनी बँड पाठवावेत. रॉकने मुत्सद्देगिरीत काहीच साधले नाही, असे मुळीच नाही. साधले ते वेगळे होते, आणि या दाव्यामुळे नेमके तेच झाकले जाते.

“हॅसलहॉफ आणि स्कॉर्पिअन्स यांच्या गाण्यांनी भिंत पडली.” भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री. हॅसलहॉफ क्रेनच्या पाळण्यात उभा राहून तिथे गायला ३१ डिसेंबरला, म्हणजे सात आठवड्यांनंतर. ‘विंड ऑफ चेंज’ची प्रेरणा ऑगस्ट १९८९मधल्या मॉस्कोच्या संगीत महोत्सवातली असली, तरी गाणे लोकांपर्यंत पोचले ते नोव्हेंबर १९९०च्या अल्बममधून आणि सिंगल म्हणून १९९१त. तोवर दोन्ही जर्मनी एक झालेही होते. ही आनंदाची गाणी आहेत आणि त्यांचे मोल तेवढ्यानेही कमी होत नाही. कारण मात्र परिणामाच्या आधी यावे लागते.

“बोवीच्या कार्यक्रमाने भिंतीला तडा गेला.” इथे निदान तारखा जुळतात. ६ जून १९८७ला बोवी पश्चिम बर्लिनमध्ये राईशस्टाग या जुन्या संसद भवनासमोर गायला. भिंत इतकी जवळ होती की आवाज पलीकडे जात होता. पुढच्या दोन संध्याकाळी तिथेच युरिदमिक्स आणि जेनेसिस या बँडचे कार्यक्रम झाले. पलीकडे पूर्वेकडचे तरुण ऐकायला जमले, पोलिसांनी त्यांना हुसकावले, “भिंत हटवा” अशा घोषणा झाल्या, धरपकड झाली. २०१६मध्ये बोवी गेला तेव्हा जर्मन परराष्ट्र खात्याने भिंत पाडायला हातभार लावल्याबद्दल त्याचे जाहीर आभार मानले. श्रद्धांजली म्हणून ते शोभते. इतिहास म्हणून तपासायचे, तर त्यानंतर पूर्व जर्मन सरकारने काय केले ते पाहावे लागते.

सरकारने भिंत सैल केली नाही, पाहुणे बोलावले. ‘फ्री जर्मन यूथ’ या सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेने पूर्व बर्लिनमध्ये स्वतःच कार्यक्रम भरवायला सुरुवात केली. १९८८च्या मार्चमध्ये डिपेश मोड, जूनमध्ये जो कॉकर आणि ब्रायन अॅडम्स, जुलैत स्प्रिंगस्टीन. पोरे भिंतीकडे जाऊ नयेत म्हणून रॉक शहराच्या दुसऱ्या टोकाला नेला गेला. एवढे होऊनही जानेवारी १९८९मध्ये पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते होनेकर यांनी भिंत ५० काय, १०० वर्षेही उभी राहील असे सांगितले. फेब्रुवारीत ती ओलांडू पाहणाऱ्या २० वर्षांच्या क्रिस ग्वेफ्रॉयला पहारेकऱ्यांनी गोळ्या घालून मारले. स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

भिंत उघडली त्याची साखळी वेगळीच आहे. मॉस्कोने हात आखडता घेतला. मे १९८९मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे कुंपण काढायला घेतले आणि त्याच महिन्यात पूर्व जर्मनीतल्या स्थानिक निवडणुकांतली लबाडी लोकांनी उघडी पाडली. ११ सप्टेंबरला हंगेरीने ती सीमा खुली केली आणि हजारो पूर्व जर्मन लोक तिथून पश्चिमेकडे निघून गेले. ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सुमारे ७० हजार लोक सरकारविरोधात रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला नाही. महिन्याभराने सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचा नवा नियम “ताबडतोब, विनाविलंब” लागू असल्याचे सांगून टाकले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या सीमा नाक्यावरचा अडसर गर्दीपुढे उचलला गेला. लाइपझिगमध्ये ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी घरातून निघताना परत येऊ की नाही, याची खात्री कुणाला नव्हती. श्रेय गिटारला देऊन टाकले की त्या माणसांचे नाव पुसले जाते. या दाव्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

“पश्चिमेने स्प्रिंगस्टीन पाठवला आणि संगीताला भाषा लागली नाही.” पाठवला कुणीच नव्हता. १९ जुलै १९८८ला पूर्व बर्लिनमधल्या व्हायसेनजे इथल्या सायकल शर्यतींच्या मैदानावर तो युवक संघटनेच्या कार्यक्रमात गायला. प्रेक्षक दीड लाखांहून अधिक होते, काही अंदाज तीन लाखांपर्यंत जातात. तिकिटांवर छापले होते ‘निकाराग्वासाठी कॉन्सर्ट’. १९ जुलै हा निकाराग्वातल्या डाव्या सँडिनिस्टा क्रांतीचा वर्धापनदिन. आपल्या नावावर दुसऱ्याची राजकीय भूमिका चिकटवली गेल्याचे कळल्यावर स्प्रिंगस्टीन संतापला. पण छापून वाटलेली तिकिटे परत घेता येत नाहीत.

उत्तर म्हणून त्याने जर्मनमध्ये चार वाक्ये बोलायचे ठरवले: मी कोणत्याही सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेलो नाही, रॉक अँड रोल वाजवायला आलो आहे, आणि एक दिवस सगळे अडथळे पडतील अशी आशा आहे. कागदावर आधी ‘भिंती’ हा शब्द होता. ऐनवेळी तो बदलून ‘अडथळे’ झाला. त्या शहरात या दोन शब्दांतले अंतर लहान मुलालाही कळत होते, आणि मैदानातल्या लोकांनी नेमका गाळलेला शब्द ऐकला. भाषा लागत नसती, तर एका नामासाठी इतकी धावपळ झालीच नसती.

सरकारचा पहाराही गाण्यांवर आणि त्यांच्या शब्दांवर होता. पूर्व जर्मनीत तर १९५८पासून नियम होता की वाजवायच्या गाण्यांपैकी ६० टक्के समाजवादी देशांतली हवीत. बँडला श्रेणी देणाऱ्या समितीकडून परवाना घ्यावा लागे. १९७५मध्ये रेन्फ्ट या लोकप्रिय बँडवर बंदी आली ती गाण्यांच्या शब्दांमुळे.

“बँड पाठवणे स्वस्त आणि बिनधोक.” १९७०च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्लड, स्वेट अँड टिअर्स या बँडला युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि पोलंडला पाठवले. वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी त्यांना नुकतेच मिळाले होते. बुखारेस्टमध्ये प्रेक्षक उसळले आणि पोलीस कुत्री घेऊन आले. मायदेशी परतल्यावर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांनी त्यांना सरकारी बँड म्हणून झिडकारले. सरकारी शिक्क्याची किंमत बँडच्या खात्यातून गेली. ही जोखीम करारावर सही होण्याआधी बँडला स्पष्ट सांगायला हवी.

तांत्रिक बाजूही हलकी नाही. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेला जुना हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारी मोठी पेटी, ५० हर्ट्झच्या देशात लावला, की त्याची मोटर विजेच्या वारंवारितेला बांधलेली असल्याने सूर काढणारी चाके सहाव्या हिश्शाने हळू फिरतात. सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो आणि बाकीच्या बँडशी जुळत नाही. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, वारंवारिता नाही. त्यामुळे फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर हवा, नाहीतर तिथलाच ५० हर्ट्झचा ऑर्गन भाड्याने घ्यावा. जुन्या गिटारीला ब्राझिलियन रोझवूड असेल, तर १९९२पासून ते लाकूड दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. वाद्याचे प्रमाणपत्र सोबत नसेल, तर गिटार सीमेवर अडकते.

दिव्यांकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. जुलै १९८७मध्ये मॉस्कोत अमेरिकन गायक बिली जोएलच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू होते आणि चित्रीकरणवाले प्रकाशझोत वारंवार प्रेक्षकांवर टाकत होते. झोत पडला की नाचणारे लोक गोठून जात, अंधार झाला की पुन्हा मोकळे होत. जोएल भडकला आणि त्याने पियानो उलटवला. सर्वत्र फोटो गाजला तो उलटलेल्या पियानोचा. पण जिथे ओळखले जाण्याची भीती असते, तिथे प्रेक्षकांवर दिवा टाकू नये, आणि टाकणार असाल तर आधी ठरवून, दोन गाण्यांच्या मध्ये टाकावा.

“मग रॉकने केले काय?” सर्वांत खोल काम घरच्या बँडनी केले, आणि त्यांना कुणी पाठवले नव्हते. चेकोस्लोव्हाकियात १९७६मध्ये प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या बँडच्या वर्तुळावर खटला चालला. त्या निमित्ताने एकत्र आलेल्या लोकांतून जानेवारी १९७७मध्ये ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्क मागणारा नागरिकांचा जाहीरनामा उभा राहिला. पूर्व जर्मनीत १८ सप्टेंबर १९८९ला रॉक संगीतकारांनी सुधारणा मागणारा ठराव केला आणि कार्यक्रमाच्या आधी स्टेजवरून तो वाचायला सुरुवात केली. परवाना जाईल हे माहीत असूनही त्यांनी तो वाचला.

म्हणून बँड पाठवणाऱ्या दूतावासाने पहिला प्रश्न विचारावा तो तिथल्या वादकांना काय मिळणार हा. करारात चार गोष्टी लेखी हव्यात: तिकिटावरचा आणि फलकावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी मंजूर केल्याशिवाय छापायचा नाही, पुढच्या रांगांतली निम्मी तरी तिकिटे खुल्या विक्रीत, भाषण आणि गाण्यांचे भाषांतर बँडच्या स्वतःच्या दुभाष्याकडून, आणि एक पूर्ण दिवस स्थानिक बँडसोबत तालमीला, कॅमेऱ्याशिवाय.

स्थानिक वादकांसाठी अॅम्प्लिफायर मागे ठेवायचा असेल, तर तो एटीए कार्नेच्या, म्हणजे सामान शुल्काशिवाय तात्पुरते आत नेण्याच्या कागदाच्या, यादीत घालू नये. कार्नेवर गेलेली प्रत्येक वस्तू, क्रमांकासह, परत बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर त्यावरचे शुल्क वसूल होते. तारा, ड्रमच्या काठ्या, बॅटऱ्या अशा वापरून संपणाऱ्या वस्तूही त्या यादीत चालत नाहीत. भेटीच्या वस्तूंची वेगळी यादी करून आयात शुल्क आधी भरून ठेवावे आणि पावती त्या बँडच्या हाती द्यावी, म्हणजे पाहुणे गेल्यावर अॅम्प कुठून आला हे विचारायला कुणी आले, तर त्यांच्याकडे दाखवायला कागद असेल.